सातपुड्यातल्या मिशनरी कुटुंबाला भेटायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतल्या पाड्यांवर सेवा करणाऱ्या कुटुंबांना भेटायला शहरातल्या मंडळ्यांतून (चर्चमधून), तरुण संघांतून, महिला संघांतून लोक जातात. जाण्याआधी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र दिली आहेत. मेळघाटात किंवा गडचिरोलीत जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. सगळ्या उत्तरांमागे एक गोष्ट आहे: तुम्ही तीन दिवसांनी घरी येता, ते कुटुंब तिथेच राहतं. तुम्ही जे बोलाल, द्याल, वाटाल, त्याचा हिशेब गाव त्यांच्याकडे मागतं.

आम्ही गेल्याने त्यांना खरंच काही उपयोग होतो का?

होतो, पण तुम्हाला वाटतो तो नाही. पाड्यावरच्या कुटुंबाला पाहुण्यांच्या हातची कामं फारशी नको असतात. घर रंगवायला, चर खणायला गावात तुमच्यापेक्षा सरस माणसं आहेत. त्यांना हवा असतो आपल्या भाषेत मनमोकळं बोलणारा माणूस. वर्ष वर्ष कोणी "तुम्ही कसे आहात?" असं विचारलेलं नसतं, सगळे "काम कसं चाललंय?" एवढंच विचारतात. भेटीतली एक संध्याकाळ काहीही न ठरवता मोकळी ठेवा. आमच्या मते सगळ्या कार्यक्रमात सर्वांत मोलाची हीच.

तिथे कोण असतात? परदेशी मिशनरी असतात का?

आता जवळजवळ सगळे भारतीय असतात. कोणी तमिळनाडूतून, कोणी केरळातून, कोणी मिझोराम-नागालँडमधून आलेलं, कोणी महाराष्ट्रातलंच. आणि वाढत्या संख्येने भिल्ल, पावरा, मावची, वसावी समाजातलेच सेवक. शिवाय फादर आणि सिस्टर असलेली कॅथलिक केंद्रं, शाळा, वसतिगृहं वेगळी. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशन हॉस्पिटल आहे. जिथे जाणार तिथे नेमकं काय काम चालतं, हे आधी विचारून घ्या. शाळेच्या ठिकाणी परीक्षेच्या आठवड्यात आणि दवाखान्यात ओपीडीच्या वेळेत पाहुणा म्हणजे अडचण.

परवानगी कोणाची घ्यायची आणि किती आधी?

आधी त्या कुटुंबाला पाठवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयाची, मग त्या कुटुंबाची. हा क्रम उलटा करू नका. थेट कुटुंबाला फोन केला की ते नाही म्हणत नाहीत. पाहुण्याला नकार देणं त्यांना जमत नाही, मग घरात आजारपण असलं तरी "या" म्हणतात. कार्यालयातून विचारलं तर खरं उत्तर मिळतं. किमान सहा आठवडे आधी कळवा. सोबत प्रत्येकाचं नाव, वय, नागरिकत्व, रक्तगट, चालू औषधं आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहून द्या. तारीख ठरल्यावर ती बदलू नका. तुमच्यासाठी डाळ-तांदूळ तालुक्याच्या बाजारातून डोक्यावर नाहीतर मोटरसायकलवर आणलेला असतो.

किती जणांनी आणि किती दिवस जावं?

चार ते सहा जण, दोन किंवा तीन मुक्काम. सहाच्या पुढे गेलात की एका गाडीत मावत नाही, घरात झोपायला जागा नसते आणि गावाला ती भेट न वाटता मोर्चा वाटतो. गटात किमान दोन स्त्रिया असाव्यात. पाड्यावर स्त्रियांशी मोकळं बोलणं स्त्रियांनाच जमतं, आणि मिशनरीच्या पत्नीकडे बसायला कोणीतरी हवंच. बहुतेक गट पतीबरोबर फिरून येतात आणि ती तीन दिवस चुलीपाशी राहते.

कोणता काळ चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर टाळा. तळोद्याहून धडगावला जाताना लागणाऱ्या चांदसैली घाटात पावसाळ्यात दरड कोसळते आणि ओढ्यांना अचानक पाणी चढतं. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी पुढे घालायची नाही, पाणी उतरेपर्यंत थांबायचं. घाई केलेल्या गाड्याच वाहून जातात.

थंडीत एक वेगळी गोष्ट घडते, ती माहीत हवी. दिवाळीनंतर असंख्य कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. पाड्यावर म्हातारी माणसं आणि काही मुलं उरतात. "उपासनेला एवढीच माणसं?" असं विचारून त्या सेवकाला खाली बघायला लावू नका. माणसं होळीच्या सुमारास परततात. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात मोठी. त्या दिवसांत वाहनं भरलेली असतात आणि गाव सणात असतं, म्हणून भेटीसाठी तो आठवडा नको. नवापूरकडे नाताळात मंडळी भरलेली दिसते, पण तेव्हा सेवकाला श्वास घ्यायला वेळ नसतो.

पोहोचायचं कसं?

रेल्वेने सुरत–भुसावळ मार्गावर नंदुरबार किंवा नवापूर. नवापूरचं स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरातच्या हद्दीवर आहे, निम्मं इकडे, निम्मं तिकडे. तिथून तालुक्याच्या गावापर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटी बहुधा पायी. दोन गोष्टी पक्क्या धरा. एक, नकाशावरच्या अंतरावर जाऊ नका. घाटात ताशी २० किलोमीटर धरा. दुसरं, आतल्या पाड्यावरून दुपारनंतर परतीची गाडी मिळेल असं गृहीत धरू नका. मुक्कामी एसटी संध्याकाळी येते आणि पहाटे निघून जाते. ती चुकली की दिवस गेला.

वडाप जीप छपरापर्यंत भरलेली असते. गटाने जाताना तालुक्याच्या गावातून अख्खी गाडी ठरवा आणि ड्रायव्हर तिथलाच घ्या. सामान माणशी १० किलोच्या आत आणि पाठीवरच्या सॅकमध्ये. चाकांची बॅग घेतली तर शेवटचे तीन किलोमीटर ती दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाते, आणि ते डोकं बहुतेक वेळा त्या घरातल्याच मुलाचं असतं.

पोलिसांना किंवा ग्रामपंचायतीला कळवावं लागतं का?

भारतीय नागरिकाला नंदुरबारमध्ये फिरायला वेगळा परवाना लागत नाही. तरीही हा संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी भाग आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला इथे मान आहे. म्हणून पोचल्या दिवशी सेवकासोबत सरपंच, पोलीस पाटील आणि पाड्याच्या कारभाऱ्याला भेटा. पंधरा मिनिटं पुरतात. "आम्ही यांचे पाहुणे, अमुक दिवसांनी परत जाणार" एवढं सांगा. ही भेट टाळली की संध्याकाळपर्यंत गावात तुमच्याविषयी तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरायला लागतात.

इतरत्र नियम वेगळे. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०२० पासून मणिपूर इथे बाहेरच्या भारतीयालाही इनर लाइन परमिट लागतं. मेळघाटात व्याघ्र प्रकल्पाच्या नाक्यांच्या वेळा पाळाव्या लागतात. गडचिरोलीच्या आतल्या भागात जाताना संस्थेने जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवलेलं असावं.

आमच्यासोबत परदेशातले नातेवाईक किंवा मित्र येणार आहेत. चालेल का?

येऊ शकतात, पण इथे चूक केली तर संस्थेचं सगळं काम अडचणीत येतं, म्हणून नीट वाचा.

टुरिस्ट व्हिसावर आलेला परदेशी नागरिक चर्चमध्ये बसू शकतो, उपासनेत भाग घेऊ शकतो, प्रवचन ऐकू शकतो. धर्माचा प्रचार करणं, धार्मिक स्थळी भाषण करणं, धार्मिक पत्रकं वाटणं, धार्मिक चित्रफिती दाखवणं याला त्याला मनाई आहे. "फक्त पाच मिनिटं साक्ष देऊ द्या" हेसुद्धा भाषणच. त्याच्या हाती माइक द्यायचा नाही. तो रागावला तरी नाही. मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा असतो.

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असलेल्यांना वाटतं की आपल्याला हे लागू नाही. लागू आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकाला मिशनरी कामासाठी, संशोधनासाठी, पत्रकारितेसाठी आधी विशेष परवानगी घ्यावी लागते.

आणखी एक: परदेशी नागरिक ज्याच्या घरी उतरतो त्याने २४ तासांच्या आत त्या पाहुण्याच्या माहितीचा फॉर्म (२०२५ पर्यंतचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा असतो. पाड्यावर नेटवर्क नसतं. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच कार्यालयात पाठवा आणि फॉर्म तिथून भरायची व्यवस्था करा. किंवा मुक्काम तालुक्याच्या गावी लॉजवर करून दिवसा पाड्यावर जा. परदेशी पाहुण्यांसाठी आम्ही हाच दुसरा मार्ग सुचवतो.

धर्मांतराच्या कायद्याचं काय? आमच्यावर काही येईल का?

संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानण्याचं, आचरणाचं आणि प्रसाराचं स्वातंत्र्य दिलं आहे. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही. अनेक राज्यांत बळजबरीने, फसवणुकीने किंवा आमिषाने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत. ओडिशाचा १९६७ चा, गुजरातचा २००३ चा, मध्य प्रदेशचा १९६८ चा आणि त्याजागी आलेला २०२१ चा. सातपुड्यातले पाडे तीन राज्यांच्या हद्दीला लागून आहेत. एक टेकडी ओलांडली की कायदा बदलतो. आपण कोणत्या राज्यात उभे आहोत हे माहीत ठेवा आणि निघण्याआधी संस्थेच्या वकिलाकडून सध्याची स्थिती समजून घ्या.

पाहुण्यासाठी यातला सर्वांत जड शब्द "आमिष". प्रार्थना झाल्यावर वाटलेली घोंगडी, सभेला आलेल्यांनाच दिलेली वही, बाप्तिस्मा घेणाऱ्याच्या हातात दिलेली पाचशेची नोट: तुमच्या मनात प्रेम असतं, कागदावर ते आमिष दिसतं. प्रार्थना आणि वाटप कधीही एका दिवशी, एका जागी, एका हाताने होऊ द्यायचं नाही. बाप्तिस्म्याच्या विधीत पाहुण्याने भाग घ्यायचा नाही, कोणाला त्यासाठी विचारायचंही नाही.

गावात कोणाला "तुम्हाला आदिवासींच्या सवलती मिळतात ना अजून?" असंही विचारू नका. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातींसाठी १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे, जमातींसाठी ती नाही. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि गावात तो दुखरा विषय आहे.

सभेत चार शब्द बोलायला सांगितलं तर काय बोलावं?

बहुतेक वेळा सांगतातच, तेव्हा तयारी हवी. पाड्यावर घरात मावची, वसावी, पावरी किंवा भिलीच्या इतर बोली बोलल्या जातात. तुमची मराठी तरुणांना कळते, म्हाताऱ्यांना आणि बऱ्याच स्त्रियांना अर्धीच कळते. दुभाषी असेल तर तुमच्या दहा मिनिटांची वीस मिनिटं होतात. म्हणून दहाच मिनिटं बोला.

एक वाक्य बोला, थांबा, भाषांतर होऊ द्या. वाक्य आठ-दहा शब्दांचं. "कृपा", "तारण", "पुनरुत्थान" हे शब्द एकामागून एक आले की दुभाषी अडखळतो, आणि मग तो स्वतःचंच काहीतरी सांगतो. त्याचा दोष नाही. आदल्या रात्री त्याच्यासोबत बसून सगळं एकदा वाचून काढा. शास्त्रातला एकच प्रसंग घ्या: हरवलेलं मेंढरू, विहिरीवरची बाई, पेरणारा. गुरं राखणाऱ्या आणि पेरणी करणाऱ्या माणसांना ते तुमच्याआधी कळतं. शेअर बाजार, विमान, लिफ्ट यांचे दृष्टान्त घरी ठेवा.

कोणत्याही देवाविषयी, पूजेविषयी, बडव्याविषयी (गावचा पुजारी-वैदू) वाईट शब्द नको. याहा मोगी, म्हणजे देवमोगरा माता, या डोंगरातल्या लाखो माणसांचं श्रद्धास्थान आहे. वाघदेव, गावदेव यांची ठाणी वाटेत लागतात; तिथे बसू नका, पाय लावू नका, दगड हलवू नका. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी पाहुण्याने यजमानाच्या शेजाऱ्याचा अपमान करायचा नसतोच. मंडळीतल्या माणसाचा सख्खा भाऊ त्या ठाण्याला नारळ फोडतो आणि दोघे एकाच बांधावर शेती करतात.

त्यांच्यासाठी काय न्यावं?

विचारून न्या. न विचारता नेलं की साड्या, शाली आणि भिंतीवरची घड्याळं येतात. कुटुंबांकडून प्रत्यक्षात मागितल्या जाणाऱ्या गोष्टी अशा: कुकरचं गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (कुकरचा मेक आणि लिटर विचारून), सोलर दिव्याची बॅटरी, चार्जिंगची केबल, वाचायच्या चष्म्याची जोडी, मोटरसायकलची ट्यूब आणि क्लच वायर, मुलांची इयत्तेप्रमाणे पुस्तकं, त्यांच्या मातृभाषेतलं मासिक. तमिळ किंवा मिझो कुटुंबाला आपल्याकडचं लोणचं, सुकी मासळी, मसाला मिळाला की घरात सण होतो. ते शहरात कुठे मिळतं हे तुम्ही शोधा, त्यांना शोधायला लावू नका.

त्या घरची मोठी मुलं बहुतेक दूर वसतिगृहात शिकतात. तुमच्या वाटेत ते गाव असेल तर आईने दिलेला डबा तिथे पोचवा आणि मुलांचं पत्र वर न्या. याच्यापेक्षा मोठी भेटवस्तू आम्हाला माहीत नाही.

स्वतःच्या खाण्याचा शिधाही न्या: माणशी दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ किंवा पीठ, १०० ग्रॅम डाळ, तेल, चहा, साखर. पोचल्याबरोबर गाजावाजा न करता स्वयंपाकघरात ठेवा.

पैसे द्यायचे असतील तर?

संस्थेच्या खात्यात, पावती घेऊन. रोख २,००० रुपयांहून जास्त दिलं तर त्यावर प्राप्तिकरातली दानाची सूट मिळत नाही. दान कुटुंबाच्या खर्चासाठी आहे, दवाखान्यासाठी की शाळेसाठी, हे लेखी कळवा.

परदेशी पैशाचा नियम कडक आहे. परदेशी नागरिकाने दिलेलं दान, मग ते रुपयांत असो, विदेशी अंशदान ठरतं. ते एफसीआरए (विदेशी अंशदान कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच आणि तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातूनच घेता येतं. ओसीआय कार्डधारक यात परदेशीच धरला जातो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाचं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत आलेलं दान त्यात येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेलं विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. तेव्हा "तुम्ही घ्या आणि त्यांना पोचवा" हा मार्ग बंद आहे. परदेशी पाहुण्याने निघताना सेवकाच्या खिशात घातलेलं पाकीट त्या माणसाची नोंदणीकृत संस्था बंद पाडू शकतं.

भारतीय पाहुण्यानेही गावात कोणाला परस्पर पैसे देऊ नयेत. आजारी म्हातारीला तुम्ही हजार रुपये दिले की दुसऱ्या दिवशी सहा आजारी माणसं सेवकाच्या दारात येतात. त्याच्याजवळ हजार रुपये नसतात. मदत करावीशी वाटली तर त्याला बाजूला घेऊन सांगा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

मुलांसाठी चॉकलेट, जुने कपडे?

चॉकलेट वाटत सुटू नका. पुढच्या पाहुण्याच्या मागे मुलं हात पसरून धावतात, आणि आईबापांना ते पाहवत नाही. जुने कपडे तर नकोच. द्यायचंच असेल तर अंगणवाडीला किंवा शाळेला, शिक्षकांच्या हाती, सगळ्या मुलांना सारखं: पाट्या, चेंडू, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या.

आमच्यात डॉक्टर आहेत. एका दिवसाचं शिबिर घेऊ का?

तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवून, नोंदणी असलेल्या डॉक्टरांकडून आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा मिशन हॉस्पिटल पुढचा पाठपुरावा करणार असेल तरच. परदेशी डॉक्टरला इथे नोंदणीशिवाय रुग्ण तपासता येत नाहीत.

एका दिवसात ज्याचं निदान होतं पण उपचार होत नाहीत, ते शिबिरात शोधून माणसाला नुसती काळजी लावू नका. रक्तदाबाच्या गोळ्या १० दिवसांच्या दिल्या आणि अकराव्या दिवशी काय, हे ठरलेलं नसेल तर त्या देऊच नका. या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. अंगदुखी, सांधेदुखी, पांढुरके डोळे दिसले तर वेदनाशामक देऊन वाटेला लावू नका, तपासणीसाठी चिठ्ठी द्या. औषधांवर नाव आणि मुदत असलेली मूळ पट्टी हवी. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या दिल्या की घरी गेल्यावर कोणती कोणाची हे कळत नाही आणि लहान मूल ती खातं. उपचारासोबत प्रार्थना जोडायची नाही. माणूस मागेल तर नंतर, वेगळ्या जागी.

राहणं, जेवण, शौचालय कसं असतं?

जमिनीवर सतरंजी, वर मच्छरदाणी. डोंगरावर डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते; तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे. स्लीपिंग बॅग किंवा जाड चादर न्या, घरची पांघरुणं अंगावर ओढून त्यांना थंडीत ठेवू नका. बॅटरी, पॉवर बँक, काठी, बंद बूट हवेत. शौचालय असतं, पाणी मात्र हापशावरून आणलेलं असतं. आंघोळ एका बादलीत भागवा आणि सकाळी हंडा भरायला स्वतः जा.

जेवण ज्वारी-मक्याची भाकर, डाळ, भाजी, कधी कोंबडी. कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका, पण "कोंबडी कापू नका" हे सेवकामार्फत आधीच सांगून ठेवा. ती विकून घरात मीठ-तेल येतं. घरची माणसं तुमच्यानंतर जेवतात. भांड्यात किती उरलंय ते पाहून दुसऱ्यांदा वाढून घ्या. मोहाची दारू गावाच्या रितीभातीत आहे. पुढे केली तर हात जोडून "मी घेत नाही" एवढंच म्हणा. तोंड वाकडं करू नका, उपदेश करू नका.

कपडे साधे, गुडघ्याखाली. नमस्कार "जोहार" म्हणून करा, मंडळीत "प्रभूची स्तुती असो". बायांना ताई, वयाने मोठ्यांना दादा-बाबा म्हणा.

आजारपणाची काय काळजी घ्यावी?

पाणी खळखळ उकळल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या आणि झाकून गार करा. जुलाब लागले तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मलेरियासाठी जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती रोज १०० मिलिग्रॅम, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत घ्यावी लागते. घरी पोचल्यावर बंद करणं ही नेहमीची चूक. ती गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना चालत नाही.

साप चावला तर हातपाय हलू न देता फळी बांधून सरळ ग्रामीण रुग्णालयात न्या. करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका. विषप्रतिबंधक लशीच्या सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात आणि तिची रिअॅक्शन येऊ शकते, त्यामुळे "एक इंजेक्शन सोबत ठेवू" हा विचार सोडा. १०८ नंबर लागायला रेंज लागते. रेंज कोणत्या टेकडीवर मिळते आणि रात्री कोणाची गाडी मिळेल, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा.

आणि उलट बाजू: तुम्हाला ताप, खोकला, डोळे आले असतील तर जाऊ नका. तुमचा साधा फ्लू पाड्यावरच्या कुपोषित बाळाला झेपत नाही.

फोटो काढले तर चालतात का?

विचारून, आणि थोडेच. बाप्तिस्मा, आजाऱ्यासाठी प्रार्थना, वसतिगृहातली मुलं, उघड्या अंगाची बाळं यांचे अजिबात नाही. मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. तिथून काहीही थेट टाकू नका. घरी आल्यावर टाकायचं असेल तर आधी संस्थेला दाखवा आणि गावाचं नाव गाळा. शहरातल्या मंडळीच्या ग्रुपवर टाकलेला फोटो दोन दिवसांत कुठे जातो ते सांगता येत नाही. "अंधारातल्या लोकांना प्रकाश" अशा ओळी त्याखाली लिहिल्या तर तो फोटो त्याच गावातला शिकलेला मुलगा वाचतो. ड्रोन नकोच.

कोणी अडवलं, विरोध केला तर?

वाद घालू नका, चित्रीकरण करू नका, सेवकाला बोलू द्या. ओळखपत्र दाखवा. पोलिसांनी बोलावलं तर जा, विचारलं तेवढं सांगा, न वाचता कशावरही सही करू नका. संस्थेच्या वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन बंद पडतो. रात्रीचा प्रवास आणि गाडीत झोपणं टाळा. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असतानाच जाळली गेली. सातपुड्यात असं काही होईल असं आम्ही म्हणत नाही, पण त्या कुटुंबांच्या मनात ती रात्र अजून आहे. "भीती नाही वाटत का हो तुम्हाला?" असं त्यांच्या मुलांसमोर विचारू नका.

लहान मुलांना नेता येईल का?

आठ वर्षांवरची असतील तर न्या. मिशनरी कुटुंबातल्या मुलांना सोबती मिळतात.

परत आल्यावर काय?

एका आठवड्याच्या आत फोन करून सुखरूप पोचल्याचं कळवा. तीन-चार आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनीही ताप आला तर डॉक्टरला "मी सातपुड्यात जाऊन आलोय" हे आधी सांगा म्हणजे मलेरियाची तपासणी होईल. तिथे जे द्यायचं कबूल केलं असेल ते एका महिन्यात पाठवा. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळवा. "पुढच्या वर्षी नक्की येतो" हे वाक्य खात्री असल्याशिवाय बोलू नका, कारण घरातलं लहान मूल ते लक्षात ठेवतं.

परवानगीने काढलेल्या फोटोंच्या कागदावर प्रती काढून पोस्टाने पाठवा. मागे पेन्सिलीने प्रत्येकाचं नाव लिहा, म्हणजे सेवकाला ते घरोघरी वाटता येतील. पाड्यावरच्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा आधार कार्डाव्यतिरिक्त एकही फोटो नसतो.